वॉर्डातली शिस्त

परिचारिकांच्या व्यवसायात शिस्त या शब्दाला सुरुवातीपासून दोन अर्थ चिकटलेले आहेत. पहिली शिस्त चारित्र्याची. वेळेवर हजर राहणे, गणवेशाची इस्त्री न मोडणे, डॉक्टर आले की उभे राहणे, वसतिगृहाचे फाटक बंद होण्याआधी परतणे. दुसरी शिस्त कृतीची. रुग्णाला हात लावण्याआधी व नंतर हात धुणे, बाटलीवरचे नाव केस पेपरवरच्या नावाशी ताडून पाहणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलणे, केले ते त्याच वेळी लिहून ठेवणे. पहिली शिस्त लांबून दिसते, म्हणून तिचा बोलबाला झाला. रुग्णाचा जीव वाचतो तो मात्र दुसरीने. या दोन शिस्ती एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या, की त्या सोडवून वेगळ्या करायला कित्येक पिढ्या जाव्या लागल्या.

हा गुंता प्राचीन ग्रंथांतही दिसतो. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे सेवा करणारा. त्याच्या अंगी उपचाराचे ज्ञान, दक्षता, आपुलकी आणि शुचिता हे चार गुण असावेत, असे चरक सांगतो. या यादीत आज्ञापालन नाही. सुश्रुताच्या यादीत ते आहे. वैद्याच्या सांगण्याप्रमाणे न थकता वागणे हा त्याच्या मते परिचारकाचा गुण. सेवा करणाऱ्याने स्वतः जाणते असावे की सांगितलेले करणारे असावे, हा पुढे एकोणिसाव्या-विसाव्या शतकात वादाचा झालेला प्रश्न या दोन याद्यांमध्ये आधीच उभा आहे. अर्थात आजच्या परिचर्येचा व्यवसाय या ग्रंथांतून सलग उतरलेला नाही. तो रुग्णालय या आधुनिक संस्थेबरोबर आला, आणि त्याची घडण प्रामुख्याने इंग्लंडात झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या रुग्णालयांतल्या पगारी परिचारिकांची ख्याती चांगली नव्हती. चार्ल्स डिकन्सने १८४३-४४ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीत दारूबाज, लोभी सेरी गँपचे पात्र रंगवले, आणि पुढची कित्येक दशके परिचारिकांच्या निंदेसाठी तेच नाव वापरले गेले. ते चित्र सर्वांना सारखेच लागू होते असे नाही. अतिशय कमी पगारावर, रात्रंदिवस, कसलेही शिक्षण न देता या बायकांना राबवले जात होते. पण सुधारणेची हाक दिली गेली ती या चित्राच्या विरोधात, आणि म्हणून नव्या परिचारिकेकडून पहिली मागणी झाली ती निष्कलंक चारित्र्याची.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. त्यांत कॅथलिक नन होत्या, अँग्लिकन सिस्टर होत्या आणि रुग्णालयांत काम केलेल्या पगारी परिचारिकाही होत्या. क्रिमियाच्या युद्धातले जखमी सैनिक ओळीने जमिनीवर पडलेले होते. तरी नाइटिंगेल यांनी आपल्या बायकांना थांबवून ठेवले. लष्करी डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय कुणीही वॉर्डात पाऊल टाकायचे नाही, डॉक्टरांच्या हुकमाशिवाय रुग्णाला अन्नाचा घासही द्यायचा नाही, असा नियम होता. बायकांच्या लुडबुडीला वैतागलेल्या डॉक्टरांचा विश्वास मिळवण्यासाठी ही चाल आवश्यक होती, आणि ती यशस्वीही झाली. आधुनिक परिचर्येचा पहिला नियम असा आज्ञापालनाचा ठरला.

पण त्या हिवाळ्यात स्कुटारीतले मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्युदर शेकडा ४२ पर्यंत गेला. मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने पाठवलेला आरोग्य आयोग तिथे आला. इमारतीखालची तुंबलेली गटारे त्याने उपसली, पाण्याच्या वाटेत कुजणारी जनावरे काढली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्युदर शेकडा २ च्या आसपास आला. इंग्लंडला परतल्यावर नाइटिंगेल यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने हे आकडे मांडले, तेव्हा बहुतेक सैनिक जखमांनी नव्हे तर टाळता येण्यासारख्या रोगांनी गेले हे त्यांना स्पष्ट दिसले. त्यांच्या आयुष्याला इथे वळण मिळाले. हातात दिवा घेतलेल्या मूर्तीची लोकांनी पूजा बांधली; पण त्यांच्या स्वतःच्या विचारात त्यानंतर स्वच्छता आणि मोजणी यांना जे स्थान मिळाले ते दिव्यापेक्षा फार मोठे आहे.

‘नोट्स ऑन नर्सिंग’ या १८५९ च्या पुस्तकात त्यांनी हवा, उजेड, आवाज, अंथरूण, आहार अशा साध्या गोष्टींची नियमावली दिली. रुग्णाला शय्याव्रण झाला, म्हणजे ज्याला वॉर्डात बेडसोर म्हणतात तो, तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, हा विचार त्यात आहे. परिचारिकेने दिवसातून वारंवार हात धुवावेत हेही आहे. आपण हजर असताना जे नीट होते ते आपण नसतानाही तसेच व्हावे अशी व्यवस्था लावणे हे त्यांनी परिचारिकेचे मोठे काम मानले. आजचा हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण दुसरीच्या स्वाधीन करण्याची रीत, याच विचाराचे फळ आहे. केवळ निष्ठावान आणि आज्ञाधारक असणे म्हणजे परिचारिका असणे, ही व्याख्या त्यांनी स्वतःच अपुरी ठरवली होती. त्यांच्या नावाने पुढे चाललेल्या शाळांना त्याचा विसर पडला.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल निधीतून प्रशिक्षण शाळा सुरू झाली. तिथल्या मेट्रन सेरा वॉर्ड्रोपर प्रत्येक विद्यार्थिनीची दरमहा नोंद ठेवत. त्या छापील तक्त्याचे दोन भाग होते. एकात वर्तन : वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप, वॉर्डाची व्यवस्था. दुसऱ्यात कौशल्य : जखमा व भाजलेल्या जागा बांधणे, जळवा लावणे, एनिमा देणे, शय्याव्रण टाळणे, अंथरूण घालणे, नाडी, त्वचा, भूक, झोप यांचे निरीक्षण करणे. दारूपासून दूर राहणे, प्रामाणिकपणा आणि सत्यवचन यांना मात्र गुण दिले जात नसत. त्यांत उणीव दिसली की विद्यार्थिनीला तडक काढून टाकले जाई. चारित्र्याची आणि कृतीची शिस्त एकाच कागदावर शेजारी-शेजारी आली ती इथे. त्या काळी ते बरोबरच होते. जळवा किती लावल्या हे खोटे सांगणारी परिचारिका कितीही कुशल असली तरी धोकादायकच. गडबड पुढे झाली, जेव्हा पहिल्या भागाचा अर्थ सचोटी असा न राहता नम्रता असा होऊ लागला.

हात धुण्याचा धडा त्याआधीच दुसरीकडे, फार मोठी किंमत देऊन शिकला गेला होता. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने दगावणाऱ्या स्त्रिया शेकडा ११ च्या घरात होत्या, सुईणींच्या विभागात शेकडा ३ पेक्षाही कमी. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येतात आणि सुईणी येत नाहीत, हा फरक इग्नाझ सेमेलवाइस यांनी ओळखला. मे १८४७ पासून त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. वरिष्ठांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. ज्यांना कमी शिकलेल्या मानले जात होते त्या सुईणींचे हात विद्वानांच्या हातांपेक्षा निर्मळ निघाले, हे पचवणे त्या काळच्या वैद्यकाला जड गेले असावे.

रबरी हातमोज्यांची जन्मकथा तर थेट एका परिचारिकेच्या हातांची आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शस्त्रक्रियागृहाच्या परिचारिका कॅरोलिन हँप्टन यांचे हात जंतुनाशक पाऱ्याच्या द्रावणाने सोलवटून निघत. १८८९-९० च्या हिवाळ्यात शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. मोजे आले ते परिचारिकेच्या रक्षणासाठी. त्यांनी रुग्णाचेही रक्षण होते हे नंतर ध्यानात आले. सुरक्षित वर्तनाच्या इतिहासात असे वारंवार घडलेले दिसते. काम करणारीची काळजी घेणे आणि रुग्णाची काळजी घेणे या दोन गोष्टी निघतात एकच.

१८९३ मध्ये डेट्रॉइटच्या हार्पर रुग्णालयातील शाळेत लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने ‘नाइटिंगेल शपथ’ रचली. नाइटिंगेल यांनी ती लिहिलेली नाही. त्यांच्या नावाचा तो गौरव होता. अपायकारक औषध न घेण्याचे व जाणूनबुजून न देण्याचे वचन तिच्यात आहे, रुग्णाच्या घरची गुपिते राखण्याचे आहे, आणि डॉक्टरला त्याच्या कामात निष्ठेने साहाय्य करण्याचेही आहे. महाराष्ट्रातल्या परिचर्या महाविद्यालयांत दिवे उजळून होणाऱ्या शपथविधीचे मूळ याच शपथेत आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये पहिली आचारसंहिता स्वीकारली, तेव्हाही डॉक्टरांच्या सूचना बुद्धीने आणि निष्ठेने अमलात आणणे हे कर्तव्य तीत लिहिले होते. वीस वर्षांनी, १९७३ च्या सुधारित संहितेतून ते गेले आणि परिचारिकेची मुख्य जबाबदारी ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्यांच्याप्रती आहे, असे मांडले गेले. त्या वीस वर्षांत काय घडले ते पुढे येईलच.

भारतात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. नाइटिंगेल यांनी १८६५ मध्ये भारतीय रुग्णालयांतील शुश्रूषेविषयी सूचना लिहून पाठवल्या होत्या, पण प्रत्यक्ष काम सावकाश सुरू झाले. १८८८ मध्ये ब्रिटनहून प्रशिक्षित परिचारिकांची पहिली तुकडी लष्करी रुग्णालयांसाठी मुंबईत उतरली; भारतीय लष्कराची परिचर्या सेवा आपला आरंभ त्याच वर्षापासून मोजते. त्याच सुमारास, १८८६ मध्ये, मुंबईत स्त्रिया व मुलांसाठीचे कामा रुग्णालय उघडले. तिथे आणि जे. जे. रुग्णालयात मुलींना शुश्रूषेचे शिक्षण मिळू लागले. येणाऱ्या मुली बहुतांशी युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती होत्या. मिरजेसारख्या ठिकाणच्या मिशन रुग्णालयांनीही स्थानिक ख्रिस्ती मुलींना तयार केले.

हिंदू घरांतल्या बायका या कामापासून दूर राहिल्या त्याची कारणे उघड होती. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रक्त-पू-मलमूत्र उचलायचे, कोणत्याही जातीच्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचे आणि रात्री घराबाहेर राहायचे, यांतली एकेक गोष्टही त्या समाजाला पुरेशी होती. बाळंतपण करणाऱ्या सुईणीची गावाला गरज असे, पण तिच्या हाताला विटाळ चिकटलेला असे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ आपल्या मुलाच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली आणि त्यातच १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्यासारखे अपवाद समाजाचा नियम बदलू शकले नाहीत.

तो बदलायला संस्था लागली. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सुरू केलेल्या पुण्याच्या सेवासदनाने १९११ मध्ये परिचर्येचे वर्ग सुरू केले, आणि मुली व विधवा ससून रुग्णालयात प्रत्यक्ष कामासाठी जाऊ लागल्या. केशवपनाच्या आणि आश्रितपणाच्या जगातून आलेली बाई हातात थर्मामीटर घेऊन वॉर्डात उभी राहते, हे दृश्य पुण्याला नवे होते. त्यावर टीका झाली. सेवासदनाने त्याला उत्तर दिले ते कडक शिस्तीने : राहण्याची वेगळी सोय, जाण्या-येण्याच्या बांधलेल्या वेळा, साधा पोशाख. इंग्लंडात दारूच्या बदनामीमुळे जे चारित्र्याचे कुंपण घातले गेले, ते महाराष्ट्रात सोवळ्याच्या आणि अब्रूच्या धास्तीने घातले गेले. कुंपण नसते तर त्या काळी कुणाही आईबापांनी मुलीला पाठवले नसते. त्या संस्थांचे हे श्रेय मोठे आहे. पण पुढची चाळीस-पन्नास वर्षे परिचर्येच्या वसतिगृहांत शिस्तभंग म्हणजे उशिरा येणे, उलट बोलणे, परवानगीविना बाहेर जाणे असेच समजले गेले. चुकीचा डोस दिला गेला तर तो लपवला जाई, कारण तो सांगणे म्हणजे नालायकीची कबुली. उशिरा येणारीला शिक्षा आणि चूक लपवणारीला अभय, असा उलटा न्याय त्यातून तयार झाला.

संघटना आणि कायदा हे या कुंपणाबाहेरचे मार्ग होते. १९०५ मध्ये परिचर्या अधीक्षिकांची संघटना आणि १९०८ मध्ये प्रशिक्षित परिचारिकांची संघटना स्थापन झाली. १९२२ मध्ये दोन्ही एक होऊन आजची ट्रेंड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया आकाराला आली. कायदेशीर नोंदणी जगात प्रथम न्यूझीलंडने १९०१ मध्ये आणली. ब्रिटनमध्ये एथेल बेडफर्ड फेनविक यांनी तीस वर्षे लढून ती १९१९ मध्ये मिळवली, आणि विशेष म्हणजे त्यांना नाइटिंगेल यांचा विरोध सहन करावा लागला होता. परीक्षेने आणि नोंदवहीने चारित्र्य मोजता येत नाही, असे नाइटिंगेल यांना वाटे. फेनविक यांचे म्हणणे असे की रुग्णाला चारित्र्याचा दाखला पारखता येत नाही, नोंदवही मात्र कुणालाही उघडून पाहता येते. इतिहासाने फेनविक यांच्या बाजूने कौल दिला, आणि तो योग्यच होता.

भारतात मद्रास प्रांताने १९२६ मध्ये नोंदणीचा कायदा केला. मुंबई प्रांताचा परिचारिका, सुईणी व आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ चा. ३१ डिसेंबर १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. त्याआधी १९४६ मध्ये भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा हिशेब मांडला होता. सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण त्यात निघाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ आला आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे राज्याची नोंदवही गेली. गैरवर्तनाची चौकशी करून नाव काढून टाकण्याचा अधिकार परिषदेला आहे. शिस्तीचा निवाडा मेट्रनच्या मर्जीतून निघून लेखी आरोप, बाजू मांडण्याची संधी आणि निर्णय या वाटेवर आला, हा या कायद्यांचा खरा अर्थ. रुग्णालयांतली पदनामेही मराठीत आली : अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. बोलण्यात मात्र सिस्टर, इन्चार्ज आणि मेट्रन हेच शब्द टिकले, आणि त्यांच्या जोडीला वॉर्डातल्या मावशी आणि मामा.

आज्ञापालन आणि सुरक्षितता यांच्यातला विरोध निर्विवादपणे पुढे आणला तो अमेरिकेतल्या एका प्रयोगाने. मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स हॉफ्लिंग आणि सहकाऱ्यांनी तो १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. रात्रपाळीच्या परिचारिकेला अनोळखी डॉक्टरचा फोन येई. ‘ॲस्ट्रोटेन’ नावाचे औषध अमुक रुग्णाला २० मिलिग्रॅम द्या, मी आल्यावर कागदावर सही करतो, असे तो सांगे. औषध खोटे होते, निव्वळ साखर. पण डबीवर दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम अशी स्पष्ट छापलेली होती. फोनवरून औषधाचा हुकूम घेणे रुग्णालयाच्या नियमात बसत नव्हते, आणि हे औषध वॉर्डाच्या मान्य यादीतही नव्हते. तरीही २२ पैकी २१ परिचारिका ते देण्यासाठी रुग्णाकडे निघाल्या. वाटेत त्यांना थांबवण्यात आले. दुसऱ्या काही परिचारिकांना आणि विद्यार्थिनींना हाच प्रसंग नुसता कागदावर विचारला, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी आपण औषध देणार नाही असे सांगितले होते.

या निकालावरून परिचारिकांना दोष देणे अन्याय्य आहे. त्या नेमके तेच करत होत्या जे शंभर वर्षे त्यांना शिकवले गेले होते. १९७७ मध्ये रँक आणि जेकबसन यांनी असाच प्रयोग थोडा बदलून केला. औषध ओळखीचे होते, व्हॅलियम, आणि परिचारिकांना नेहमीसारखे एकमेकींशी बोलायला मुभा होती. या वेळी १८ पैकी १६ जणींनी घातक मात्रा दिली नाही. शेजारच्या सहकारिणीला एक प्रश्न विचारता येणे हे केवढे संरक्षण आहे, ते या दोन प्रयोगांच्या तुलनेत दिसते. शंका आली तर थांबणे, विचारणे आणि समाधान होईपर्यंत औषध न देणे ही उद्धटपणाची खूण न राहता व्यावसायिक कर्तव्य ठरली ती याच काळात. भारतीय परिचर्या परिषदेनेही २००६ मध्ये आपली आचारसंहिता आणि व्यावसायिक वर्तनाचे नियम प्रसिद्ध केले. आपल्या निर्णयांना परिचारिका स्वतः उत्तरदायी आहे, ही त्यांची भूमिका आहे.

कृतीच्या शिस्तीचा बारकावा औषधाच्या ट्रेवर सर्वांत स्वच्छ दिसतो. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पाच कलमे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला पाठ असतात. औषधाचे लेबल कपाटातून काढताना, मात्रा घेताना आणि बाटली परत ठेवताना असे तीनदा वाचायचे. रुग्णाला “तुम्ही पाटील ना?” असे विचारायचे नाही, कारण ग्लानीतला माणूस कशालाही हो म्हणतो, “तुमचं पूर्ण नाव सांगा” असे विचारायचे. मॉर्फिनसारखी औषधे दुहेरी कुलपात, किल्ली पाळीच्या इन्चार्ज सिस्टरकडे, आणि प्रत्येक इंजेक्शनचा हिशेब वहीत. शस्त्रक्रियागृहात पोट शिवण्याआधी गॉज, मॉप आणि हत्यारे मोजायची. आकडा जुळला नाही तर शल्यविशारद कितीही मोठा असला तरी टाके घालणे थांबते. मोजणीच्या त्या क्षणी हुकूम परिचारिकेचा चालतो. आणि सगळ्याच्या शेवटी नोंद : दिलेल्या वेळेसह, सहीसह, खाडाखोड न करता. चूक लिहिली गेली तर एक रेघ मारून, खालचे वाचता येईल अशी, बाजूला सही. लिहिलेले नाही ते केलेले नाही असे न्यायालय धरते, हे परिचारिका एकमेकींना सांगत आल्या आहेत.

न्यायालयाचा हा धाक भारतात विसाव्या शतकाच्या अखेरीस आला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. १९९८ मध्ये त्याच न्यायालयापुढे एका लहान मुलाचे प्रकरण आले. खाजगी रुग्णालयात आवश्यक पात्रता नसलेल्या परिचारिकेने त्याला शिरेतून इंजेक्शन दिले होते, त्याचे हृदय बंद पडले आणि मेंदूला कायमची इजा झाली. न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरले; मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या यातनांसाठी वेगळे पाच लाख रुपये अशी भरपाई कायम केली. अपात्र माणसाला गणवेश घालून वॉर्डात उभे करणे हाच पहिला निष्काळजीपणा, हे त्यातून अधोरेखित झाले. लहान खाजगी दवाखान्यांत आजही कमी पगारात बिनप्रशिक्षित मुलींना ‘सिस्टर’ म्हणून ठेवले जाते, तेव्हा हा निकाल आठवणे गरजेचे आहे.

एड्सच्या साथीने परिचारिकेच्या स्वतःच्या सुरक्षिततेचे नियम घडवले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य आहे असे समजूनच वागावे, असा दंडक घातला. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावण्याची जुनी, टापटिपीची समजली जाणारी सवय घातक निघाली, कारण टोपण लावताना सुई अनेकदा हाताला टोचते. भारतात जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये आले आणि २०१६ मध्ये ते नव्याने केले गेले. वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांचा उगम त्यांत आहे.

सुरक्षिततेचा आणखी एक, अधिक कठोर चेहरा मुंबईच्या केईएम रुग्णालयाने पाहिला. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला आणि त्यांच्या मेंदूला कधीही न भरणारी इजा झाली. कामाच्या जागी संरक्षण मिळावे म्हणून मुंबईच्या परिचारिकांनी त्यानंतर संप केला. अरुणा १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे, त्याच रुग्णालयात राहिल्या. परिचारिकांच्या पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. प्रत्येक पाळीत त्यांना भरवले गेले, पुसले गेले, त्यांची कूस बदलली गेली. २०११ मध्ये त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झालेला नव्हता. केईएमच्या परिचारिकांनी याचिकेला विरोध केला होता आणि न्यायालयाने त्यांचे म्हणणे मानले. कूस बदलण्याच्या साध्या नियमाचे इतके दीर्घ आणि इतके अखंड पालन जगात क्वचितच झाले असेल. रुग्णालयांतल्या हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा मात्र २०१० मध्ये आला.

चुका लपवण्याऐवजी सांगण्याची पद्धत जगभर रुजू लागली ती १९९९ नंतर. त्या वर्षी अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने वैद्यकीय चुकांमुळे देशात वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसे रुग्णालयांत दगावतात असा अंदाज मांडला आणि दोष व्यक्तीपेक्षा व्यवस्थेत शोधावा असे सुचवले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेची सुरक्षा-तपासणी यादी आणली. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी असे तीन थांबे त्यात आहेत, आणि यादी मोठ्याने वाचण्याचे काम बहुधा परिचारिकेकडे असते. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. डॉक्टरांना बोलते करणारी ही यादी म्हणजे स्कुटारीच्या दारात थांबलेल्या परिचारिकांना दीडशे वर्षांनी मिळालेला प्रवेश होता.

यादी आणि नियम पाळायला हात पुरेसे लागतात. लिंडा एकेन यांच्या २००२ च्या अभ्यासात परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते असे दिसले. भारतात अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक, इतर सामान्य रुग्णालयांत पाचांमागे एक आणि अतिदक्षता विभागात रुग्णामागे एक परिचारिका असे निकष आहेत. सार्वजनिक रुग्णालयांतल्या रात्रपाळीला हे निकष कागदावरच राहतात. चाळीस रुग्णांचा वॉर्ड दोघींवर सोपवून दर दोन तासांनी कूस बदलण्याची अपेक्षा ठेवता येत नाही, आणि त्यातून झालेल्या चुकीला तिचा शिस्तभंग म्हणणे हा अन्याय आहे.

कायद्याची चौकटही आता बदलते आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतीशास्त्र आयोग अधिनियम झाला. शिक्षण, मूल्यमापन व मानांकन, आणि नीतिमत्ता व नोंदणी अशी तीन स्वायत्त मंडळे त्यात आहेत. राष्ट्रीय आणि राज्य अशा दोन्ही पातळ्यांवर नोंदवही ठेवायची आहे, आणि व्यावसायिक वर्तनाचे नियमन नीतिमत्ता व नोंदणी मंडळाच्या कक्षेत ठेवले आहे.